अळीच लागली, मॅडम

आमच्या शाळेच्या खिचडीवाल्या मावशींना पोरांच्या अंगावरचे केस लांबून दिसायचे. डोक्यावरचे नव्हे, सुरवंटाचे. किन्हीराजाच्या अलीकडे आमची चार खोल्यांची शाळा, दारात शेवगा, आणि श्रावणात त्याच्या खोडावर सुरवंटांचा नुसता थर. पोरं टेकायची, अंगावर लाल गांधी उठायच्या, की मावशी खिचडी उतरवून धावल्याच.

माझ्या टेबलावरची चिकटपट्टी गांधींवर दाबून त्या सर्रकन ओढायच्या, मग साबण, मग खोबरेल. "खाजवू नको बे. खाजवलं का घुसलं." मी बी.एड. झालेली, पण या बाबतीत त्यांचीच शिष्या.

नवरा गेल्यावर खिचडीचं काम तेवढं त्यांच्या पदरात होतं. ते जाईल, हीच एक धास्ती. "माह्या हातचं पोट्टे खातेत, मले अजून काय पाह्यजे," म्हणायच्या.

दसऱ्यानंतर त्या स्वतःच खाजवू लागल्या. हातांवर ओरखड्यांचे काळे डाग पडले. हिला काही रोग तर नाही, असं पालक कुजबुजू लागले. मावशी माझ्याकडे आल्या. "अळीच लागली, मॅडम. तुमी सांगा ना त्यायले."

मी पालकसभेत छातीठोकपणे सांगितलं, अळीच आहे, मी पाहिलंय. शाळेच्या बाईंचं बोलणं कोण खोडणार? काम टिकलं आणि मला माझंच कौतुक वाटलं. त्या कौतुकाची आज किळस येते.

पाहिलं होतं काय मी, कपाळ! त्यांच्या पाठीला चिकटपट्टी मीच लावायची. तिच्यावर एकही केस येत नसे. "बारीक अस्तेत, दिसत नाहीत," त्या म्हणायच्या. संक्रांतीला शेवग्यावर औषधालाही अळी उरली नव्हती, तरी खाज थांबेना. मला शंका येत होती. पण दवाखान्याचं नाव काढलं की गावात बोभाटा होणार, म्हणून मीही गप्प बसले.

होळीला त्यांचे डोळे पिवळे झाले, तेव्हा त्यांना वाशीमला नेलं. लिव्हर संपत आलं होतं, खाज त्याचीच होती. डॉक्टर रागावले, इतके महिने काय करत होता म्हणाले. मावशींनी मला एवढंच विचारलं, "आज खिचडी कोण करून राह्यलं?"

वैशाखात त्या गेल्या. तेरवीला त्यांची जाऊ माझ्याशेजारी येऊन बसली.

"मॅडम, अळीनं माणूस मरते काय?"

"नाही," मी म्हटलं.

"तुमीच तं सभेत सांगतलं होतं, अळीच लागली म्हणून," ती म्हणाली.