मल्लिनाथआप्पांच्या पेनाचे टोपण

समोर पक्षकार येऊन बसला की मल्लिनाथआप्पा प्रथम पेनाला टोपण लावीत. लिहिण्याच्या धंद्यातला माणूस काम आले की टोपण काढतो, आप्पा लावीत. मग पेन कागदावर आडवे ठेवून, दोन्ही हात मांडीवर घेऊन ते म्हणत, "हं, सांगा की." अक्कलकोटकडचा माणूस असला तर तेच कानडीत, "हेळ्री." पुढे अर्धा-अर्धा तास ते टोपण निघत नसे.

सात रस्त्याजवळच्या एका कचेरीच्या भिंतीला लागून आम्हा अर्जनवीसांची टेबले आहेत. आप्पांच्या आणि माझ्या टेबलात एका कडुलिंबाच्या खोडाएवढे अंतर. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झालेले असून पुढील सर्व विद्या मी कचेरीतील जुन्या नकला वाचून संपादन केली आहे. 'सबब' आणि 'उपरोक्त' हे शब्द माझ्या हातून जेथे पडावयास हवेत तेथेच पडतात, असे एका अव्वल कारकुनाने चारचौघांत म्हटलेले आहे. आप्पा सातवी पास. "उताऱ्यावरून माझे नाव गेले आहे, ते परत लावावे," असे त्यांचे चार ओळींचे अर्ज. तरीही माणसे त्यांच्याच पुढे रांग धरीत आणि मी शिक्के पुसत बसे.

मला त्यांचा हेवा वाटे, हे लिहिताना आज संकोच वाटत नाही. आप्पा चहाला गेले असता कोणी त्यांची चौकशी केली, तर मी अनेकदा सांगितले आहे, "आप्पा आज यायचे नाहीत." त्यातले काही निघून जात, काही माझ्याकडे बसत. परत आलेले आप्पा ते पाहत. एकदाच म्हणाले, "कदमसाहेब, मी न्हाय म्हणून सांगितलंत ते लई बरं केलंत. आज चहा गरम प्यायला मिळाला."

दोन वर्षांपूर्वी कचेरीच्या आवारात रक्ततपासणीचे शिबिर भरले. आम्ही दोघांनी एकाच बाकावर बसून रक्त दिले. तिसऱ्या दिवशी कागद हाती आले. आप्पांच्या कागदावर सगळे आकडे निमूटपणे आपापल्या मर्यादेत उभे होते. माझ्या कागदावर सीआरपी या अक्षरांपुढे बेचाळीस हा आकडा ठळक छापलेला होता आणि तो सहाच्या आत असावयास हवा, असेही शेजारी नमूद होते. "शरीरात कुठेतरी सूज आहे, काका," शिबिरातील मुलगी म्हणाली. कुठे, ते तिला सांगता येईना. आप्पांच्या त्या स्वच्छ कागदाकडे मी ज्या नजरेने पाहिले, तशा नजरेने मी त्यांच्या रांगेकडेही कधी पाहिले नव्हते.

जन्मभर कागदावर विश्वास ठेवणाऱ्या माणसाने कागदावर आले ते खोटे कसे मानावे? माझे वडील पोटातील गाठीने गेले, तेव्हा ते त्रेपन्न वर्षांचे होते. मला बावन्न पूर्ण झाली होती. मी आंघोळ करताना पोट दाबून पाहू लागलो, मान चाचपू लागलो. मोबाइलवर जे जे वाचले ते सर्व मला लागू पडत असे. तीन आठवड्यांत पॅन्टचा पट्टा दोन भोके आत गेला.

"अहो, एकदा आप्पांशी बोला ना," आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या.

"ते काय डॉक्टर आहेत?"

"नाहीत. पण त्यांना सांगितलं की हलकं वाटतं म्हणे. आमचा दादा तेच म्हणत होता."

हा दादा म्हणजे माझा सख्खा मेहुणा. वारसनोंदीचा अर्ज त्याने माझ्या शेजारच्या टेबलावर लिहून घेतला होता. हे ऐकून मला रिपोर्टाहून अधिक लागले, आणि आप्पांकडे मुळीच जायचे नाही असे मी ठरविले.

डॉक्टरांकडे मात्र मी पूर्ण तयारीनिशी गेलो. प्रकृतीचा साडेतीन पानांचा अर्ज स्वहस्ते लिहून नेला. विषय, संदर्भ, वडिलांची गाठ, आजोबांचा दमा, सर्व परिच्छेद क्रमांकासह. डॉक्टरांनी अर्ध्या पानावर मान वर केली आणि सोनोग्राफी व छातीचा फोटो लिहून दिला. दोन्हींत काही निघाले नाही. सीआरपी मात्र पुन्हा केला तो एक्कावन्न आला.

त्या दिवशी टेबलावर बसून मी एका अर्जात अर्जदाराच्या जागी विरुद्ध पक्षाचे, जाबदाराचे नाव लिहिले. एकवीस वर्षांत माझ्याकडून असे कधी झाले नव्हते. पक्षकार तणतणत गेला. आप्पांनी ते पाहिले.

"कदमसाहेब, हिकडं या."

"काम आहे."

"काम दिसलं की आत्ताच. या, बसा."

त्यांनी पक्षकाराच्या स्टुलावर थाप मारली. त्या स्टुलावर मी कधीच बसलो नव्हतो. आज बसलो. त्यांनी पेनाला टोपण लावले. मी साडेतीन पाने पुढे केली, ती त्यांनी पालथी घातली.

"हे वाचायला हुशार माणूस लागतोय. तुमी तोंडानं सांगा."

मी सांगू लागलो. आकडे सांगितले, वडील सांगितले, डॉक्टरांच्या अर्जात लिहिलेला आजोबांचा दमाही सांगितला. आप्पा लिंबाकडे पाहत ऐकत होते. मग म्हणाले, "जेवण?"

"कमी झाले आहे."

"काय सोडलंय?"

"कडक भाकरी. आमटीत भिजवून खातो."

"का?"

"डावीकडची दाढ."

"कवापासनं?"

"दिवाळीपासून. लवंग धरतो. फारच ठणकली तर गोळी."

"डॉक्टरला सांगितलं?"

"दाढेचे काय सांगायचे?"

"आजोबांचा दमा सांगितला की. ते तर मी हितं बसायच्या आधीच गेले."

"दाढेचा विषयाशी संबंध नव्हता, आप्पा."

तेव्हा त्यांनी टोपण काढले. अर्धा कागद फाडून लिहिले आणि सहीपूर्वी पक्षकाराला ऐकवावे लागते तसे मोठ्याने वाचले: "दिवाळीपासून डावी खालची दाढ दुखते. लवंग व गोळी घेतो. कडक भाकरी चावत नाही. वडील गाठीने गेले म्हणून फार भीती वाटते. तोंड बघावे."

"बराबर हाय?"

"आहे."

"मग करा सही."

दुसऱ्याने लिहिलेल्या अर्जाखाली मी प्रथमच सही केली. डॉक्टरांनी तो अर्धा कागद शेवटपर्यंत वाचला आणि माझे तोंड उघडावयास लावले. दाढेच्या मुळाशी पू झाला होता. सूज बहुधा याचीच, दाढ काढून पुन्हा पाहू, असे ते म्हणाले. दाढ काढल्यावर महिन्याने केलेल्या तपासणीत सीआरपी चारवर आला.

मी आप्पांना तो कागद दाखविला. "बरं झालं," ते म्हणाले. "आता भाकरी मोडताना आवाज येऊ द्या की."

माझी सूज गेली, हेवा गेला नाही; उलट वाढला. पूर्वी मला त्यांच्या रांगेचा हेवा वाटे. आता त्या स्टुलावर बसलेल्या माणसाला काय मिळते, ते मला ठाऊक झाले होते, आणि ते माझ्या टेबलावर कोणालाही मिळत नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात आप्पा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत.

त्यांचे स्टूल अजून लिंबाखाली आहे. परवा मंद्रूपकडची एक वयस्कर बाई पिशवी छातीशी धरून आली. रिकामे टेबल पाहून मला म्हणाली, "आप्पा आज यायचे न्हाईत व्हय?"

हे वाक्य मी खोटे म्हणून किती वेळा उच्चारले होते. आता खरे असताना ते तोंडातून निघेना. मी उठलो, ते स्टूल उचलून माझ्या टेबलापुढे आणले. "आप्पा वारले, बाई," मी म्हणालो. "बसा."

ती बसली. मी पेनाला टोपण लावले आणि हात मांडीवर घेतले. तिने पदराने डोळे टिपले आणि बोलू लागली. आप्पांनी तिचा अर्ज कसा लिहिला, तिला चहा कसा पाजला, तिच्या सुनेची समजूत कशी घातली. अर्धा तास ती आप्पांविषयीच बोलत होती.

मी टोपण काढले नाही.