सावकाशताईंची एक फेक

क्लबातली माणसं त्यांना सावकाशताई म्हणत, तेही तोंडावर. त्यांना राग येत नसे. त्यांचे यजमान बस चालवत. ते म्हणत, "राग यायलाही हिला वेळ लागतो. सकाळी भांडायला लागली की मुद्द्यावर येईपर्यंत माझी दुसरी पाळी संपते."

ताईंचं दुकान म्हणजे बाजारातल्या एका जिन्याखालची जागा. एक शिवणयंत्र, एक स्टूल, एक इस्त्री. पँट आखूड करायची, चेन बदलायची, कोटाचं अस्तर घालायचं. नवा कपडा त्या शिवत नसत. एकाने शिवलेलं दुसऱ्याच्या अंगाला नीट बसवून देणं, एवढाच त्यांचा धंदा. आठ वर्षांपूर्वी अशाच एका कोटाच्या खिशात त्यांना यो-यो सापडला. कोट न्यायला आलेले गृहस्थ म्हणाले, "राहू द्या तुम्हालाच. मला काही जमला नाही." ताईंना मात्र जमला, आणि असा जमला की दर रविवारी त्या यो-यो क्लबात येऊ लागल्या.

या क्लबाचे मास्तर म्हणजे चष्म्याच्या दुकानात काचा घासून म्हातारा झालेला माणूस. नजर भलतीच बारीक. वार्षिक स्पर्धेत मोजणी तेच करत. प्रत्येकाला दोन मिनिटं मिळत. यो-योची एक करामत नीट झाली की मास्तरांच्या मुठीतलं बटणाचं छोटं यंत्र 'टिक' करायचं. जेवढ्या टिका, तेवढे गुण. एकोणीस वर्षांत त्यांची एक टीक चुकली नव्हती, आणि हे ते स्वतःच सगळ्यांना सांगत.

आता गंमत पाहा. छंद असा की अख्ख्या गावात तीस जणांना असेल, आणि ते तीसही एकासारखे एक खेळायचे! दर वर्षी जिंकणारा एक बँकेतला कॅशियर होता. तो काळा शर्ट घाली, म्हणून सगळ्यांचे शर्ट काळे. तो खेळताना मान डावीकडे टाकी, म्हणून सगळ्यांच्या माना डावीकडे. त्याला लहानपणापासून मानेचा त्रास होता, हे कुणी विचारलंच नाही. त्याच्याच वेगाने, त्याच्याच क्रमाने सगळे भराभरा टिका गोळा करत. मास्तरांना यात काही खटकत नव्हतं. मोजायला ते सोपं जात होतं.

ताई तेवढ्या वेगळ्या. घरातल्याच कपड्यांत यायच्या, खेळताना इतरांसारखं गाणं लावू द्यायच्या नाहीत. "मला त्याचा आवाज ऐकायचा असतो," म्हणायच्या. खाली सोडलेला यो-यो दोरीच्या टोकाशी फिरत राहतो तेव्हा बारीक घूं घूं करतो. फिरण्यातला जोर संपत आला की तो आवाज उतरतो. बाकीचे लगेच यो-यो हातात घेऊन पुन्हा फेकत. ताई मात्र कानाने अंदाज घेत सावकाश दोरीवरून, दोरीखालून त्याला ओवत राहायच्या. दोन मिनिटांत टिका होत पंधरा, फार तर सोळा.

आणि नियम असा होता, तोही मास्तरांनीच केलेला, की सलग तीन वर्षं वीसच्या खाली राहिलात तर मंचावरून नाव कायमचं कमी. ताईंचं हे तिसरं वर्ष होतं.

स्पर्धेच्या आधीच्या रविवारी मास्तरांनी त्यांना कोपऱ्यात घेतलं. कॅशियरची एक झटपट करामत करून दाखवली. "ही घाला मध्ये. पाच टिका कुठे गेल्या नाहीत."

ताईंनी यो-यो फेकला आणि पहिल्याच फटक्यात ती करामत केली. कॅशियरपेक्षा वेगात. मास्तर बघतच राहिले.

"येतं हो मला," ताई म्हणाल्या. "पण हे त्यांचं आहे. वर्षभर मी लोकांच्या मापानं चालते, मास्तर. ही दोन मिनिटंच काय ती माझ्या मापाची. तीही गेली तर मग..."  त्यांनी यो-यो रुमालात गुंडाळून पिशवीत टाकला आणि त्या गेल्या. मास्तरांना त्या दिवशी स्वतःच्या नियमाची लाज वाटली. पण नियम मोडायचा कसा, हे काही त्यांना सुचलं नाही.

स्पर्धेच्या दिवशी ताईंचा नंबर अकरावा होता. गाणं बंद झालं. यजमान गणवेशातच येऊन मागच्या रांगेत बसले होते. ताईंनी यो-यो खाली सोडला. मास्तरांचा अंगठा बटणावर तयार होता.

पहिलं अर्धं मिनिट बघता बघता गेलं. मग मास्तरांच्या लक्षात आलं की ताई यो-यो वर घेतच नाहीयेत. दोन्ही हातांमधली दोरी हळूहळू उलगडत होती आणि यो-यो तिच्यातून पळत होता. एक टाका पुढे, अर्धा मागे, पुन्हा पुढे. प्रत्येक टाका मागच्याच्या शेजारी इतका नेमका पडत होता की मास्तरांनी नकळत चष्मा पुसून पुन्हा लावला. मिनिट झालं. दीड मिनिट झालं. इतरांनी एवढ्या वेळात सहा-सातदा फेकला असता. इथे पहिलीच फेक चालू होती!

आवाज उतरू लागला. सभागृहात कुणी खोकतही नव्हतं. यो-यो डगमगायला लागला, आता पडणार असं वाटलं, तसे ताईंनी डोळे मिटले. नुसत्या कानांवर त्यांनी त्याला आणखी एका टाक्यातून नेलं, मग आणखी एका. घूं घूं इतकी बारीक झाली की ती खरी आहे की आपल्याच कानातली, हे मास्तरांना कळेना. त्याच क्षणी ताईंनी दोरीला एक वळसा दिला. यो-यो जड पावलांनी जिना चढावा तसा दोरीवर चढत आला आणि तळहातावर येऊन बसला. दोन मिनिटं संपल्याची घंटा वाजली.

कॅशियर उभा राहिला. त्याची मान सरळ होती. मग सगळेच उभे राहिले. मास्तरांना हुंदका आला आणि त्यांनी तो लपवला नाही. आपल्या हयातीत आपल्याला हे बघायला मिळालं, एवढंच त्यांना वाटत होतं.

मग त्यांनी मुठीकडे पाहिलं. यंत्रावर शून्य होतं.

 पंचवीस लिहिले असते, तीस लिहिले असते, तरी कुणी ब्र काढला नसता. पण जे मोजलं नाही ते लिहायचं कसं? मास्तर उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी आहे. माझ्याकडून एकही टीक दाबली गेली नाही. मोजणाऱ्याची चूक झाली तर खेळाडूला पुन्हा संधी मिळते. ताई, पुन्हा खेळा. मी या वेळी नीट मोजतो."

"पुन्हा खेळ गं!" मागून यजमान ओरडले. "नाव जाईल ना!"

ताईंनी हातातल्या यो-योकडे पाहिलं, मग मास्तरांकडे. आणि नेहमीप्रमाणे वेळ घेऊन विचारलं, "मास्तर, मोजायचं राहिलं, की बघायचं राहिलं?"

"मोजायचं," मास्तर म्हणाले. "बघितलं सगळं."

"मग झालं की." त्यांनी दोरी बोटातून सोडवली. "बघायचं राहिलं असतं तर खेळले असते पुन्हा."

त्या मंचावरून उतरल्या आणि यजमानांच्या शेजारी जाऊन बसल्या. मास्तरांनी तक्ता पुढे ओढला आणि ताईंच्या नावापुढे शून्य लिहिलं. इतक्या अभिमानाने त्यांनी आजवर कुठलाच आकडा लिहिला नव्हता.