न्हाणापासून मोजलेले दिवस

सेलूच्या सुयावाल्या डॉक्टरांकडं मी पहिल्यांदा गेले ती भांडायच्या तयारीनंच. गावातली एक बाई गुडघ्यासाठी त्यांच्याकडं जायची. तिनं सांगितलं, मूल होत नसलेल्या बायांनासुद्धा ते सुया टोचतात. मी म्हटलं, वा! परभणीची डॉक्टरीण नळी घालायलीय, आता हे सुया खुपसणार; मी माणूस हाय का गोधडी? आमचे मालक हसले आणि म्हणाले, "बघू तर खरं. नुसतं पडून तर ऱ्हायचंय." ते तसेच होते, गरीब गाय. तोंड सगळं माझ्याकडं होतं.

लग्नाला नऊ वर्षं झाली होती. सेलूपासून यष्टीनं पाऊण तासावर आमचं गाव, थोडी शेती, घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. परभणीच्या डॉक्टरणीनं दोघांना तपासलं. माझं सगळं ठीक निघालं. ह्यांच्या बीजाचं प्रमाण कमी. मग तिनं उपाय सांगितला, ह्यांचं बीज घ्यायचं, दवाखान्यात धुऊन त्यातलं चांगलं तेवढं वेगळं काढायचं आणि बारीक नळीनं माझ्या पिशवीत सोडायचं. "पाळीच्या बाराव्या-तेराव्या दिवशी या. सहा वेळा करू. नाहीच राहिलं तर थांबू," ती म्हणाली. परतीच्या गाडीत हे खिडकीबाहेर बघत बसले.

दिवस मोजायचं काम आत्याबाईंनी आपणहून घेतलं. चुलीमागच्या भिंतीवर रोज सकाळी कोळशानं एक रेघ मारायची, बारा झाल्या की मला हाक मारायची. आमच्या घरात इटाळ कडक. चार दिवस मी पडवीत वेगळी बसायची, भाकरी लांबून मिळायची. पाचव्या दिवशी डोक्यावरून पाणी घेऊन घरात आले की आत्याबाई पहिली रेघ ओढायच्या. बाहेर बसल्याचे दिवस कोण धरतंय? ते दिवस आमच्यात दिवसच नव्हते. माझ्या आईनं तसंच मोजलं, तिच्या आईनंही. परभणीला डॉक्टरीण विचारायची, पाळी कधीची? मी न्हाल्याचा वार सांगायची. मनात पाप नव्हतं, दुसरं काही असतं हेच ठाऊक नव्हतं.

पहिल्या दोन वेळा काही झालं नाही, म्हणून तिसऱ्या वेळेपासून सुया सुरू केल्या. सुयावाले डॉक्टर म्हातारे मुसलमान गृहस्थ होते, पूर्वी लष्करात कंपाउंडर, पूर्वेकडं कुठंसं हे शिकून आलेले. सरकीच्या दुकानावरची एक खोली, त्यात एक बाकडं आणि पांढरी चादर. पहिल्याच दिवशी त्यांनी सांगून टाकलं, "बेटी, मी मूल देत नाही. ते डॉक्टरणीचं काम. मी तुझं अंग सैल करतो, मन जरा ठिकाणावर आणतो, बस." घोट्याच्या आतल्या बाजूला, गुडघ्याखाली, बेंबीखाली, एक दोन्ही भुवयांच्या मधे. मुंगी चावल्यासारखं व्हायचं आणि मग तिथं जड जड वाटायचं. पायाजवळ ते कसल्याशा पाल्याची धुमसती कांडी धरायचे, तिची ऊब पोटापर्यंत यायची. अर्धा तास हलायचं नाही. त्या बाकड्यावर मी पहिल्यांदा मोठ्यानं रडले. झोप येते का, भूक लागते का, असं नऊ वर्षांत मला कोणी विचारलंच नव्हतं. जो तो एकच विचारायचा.

विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय आज होणार, उद्या होणार, असं चाललेली ती वर्षं. यष्ट्या कधी बंद पडतील त्याचा नेम नसायचा. आत्याबाई पहाटे उठून धपाटे करायच्या, दह्याचा गडवा फडक्यात बांधून द्यायच्या आणि वेशीपर्यंत सोडायला यायच्या. सेलूला उतरून आधी सुया, मग रेल्वेनं परभणी. तिथं हे बाटली घेऊन मान खाली घालून संडासाकडं जायचे. बाकीच्या बाया बघायच्या आणि माझं डोकं सणकायचं. एकदा मी एकीला म्हटलंसुद्धा, "काय बघायलीस बाई, तुझा काय आभाळातून पडला का?" नळीचं काम झालं की पाय वर करून पडून राहायचं. परतताना सेलूत पुन्हा सुया. तिसरी वेळ गेली, चौथी गेली, पाचवी गेली. दर वेळी पडवीत बसले की आत्याबाई लांबून भाकरी सरकवायच्या आणि पदरानं डोळे पुसायच्या.

पाचव्यानंतरच्या महिन्यातली गोष्ट. सुया टोचून घ्यायला गेले, तर डॉक्टरांनी नेहमीसारखं विचारलं, "आज कितवा दिवस?"

"चवथा."

त्यांनी वहीत बघितलं. "चवथा कैसा? गेल्या गुरुवारी तू इथून पोट धरून गेलीस. रात्रीच पाळी आली म्हणून परवा निरोप धाडलास. आज गुरुवार."

"ते बाहेरचे दिवस, डॉक्टरसाहेब. ते कुटं धरत्यात? न्हाल्यापासून चवथा."

त्यांच्या हातातली सुई तशीच राहिली. मग त्यांनी सावकाश विचारलं, "डॉक्टरणीला पण असंच सांगितलं? पाचही वेळा?"

मी हो म्हटलं. त्यांनी खुर्ची ओढली आणि लहान पोराला समजवावं तसं समजावलं. पहिला डाग दिसला तो पहिला दिवस. माझा बारावा म्हणजे खरा सोळावा. बाईचं बीज तोवर येऊन निघून जातं. पाची वेळा आम्ही रिकाम्या घराची कडी वाजवून आलो होतो.

माय वं! त्यांनी एक चिठ्ठी लिहून दिली. "डॉक्टरणीला दे. तिला कळू दे की आधीचे पाच मोजायचे नाहीत. ती पुन्हा करील." चिठ्ठी मी पिशवीच्या तळाशी ठेवली.

त्या महिन्यात घरी खोटं बोलले. चार दिवसांनी मी निघाले तर आत्याबाईंनी भिंतीकडं बघितलं. "आठच रेघा झाल्या की गं पोरी?"

"डॉक्टरीणबाई गावाला चालल्यात. आधी बोलावलंय."

"मग जा. धपाटे देते."

त्यांना कसं सांगू, की आत्याबाई, तुमच्या कोळशानंच घात केला? त्या बाईनं एकही दिवस रेघ चुकवली नव्हती. परभणीला मी तारीख बरोबर सांगितली, पण चिठ्ठी काढली नाही. म्हटलं, या वेळी राहिलं तर कशाला उगीच? आणि त्या महिन्यात पाळीला चार दिवस वर गेले. आत्याबाईंनी मला घागर उचलू दिली नाही. हे शेतातून येताना हरभऱ्याचे टहाळ घेऊन आले, माझ्यापुढं ठेवले आणि बाजूला बसले. पाचव्या दिवशी सकाळी मी पडवीत जाऊन बसले.

शेवटचं विचारायला दोघं परभणीला गेलो. डॉक्टरणीनं कागद बघितले. "सहाही वेळा वेळेवर केलं आपण. बाईंचं काही नाही. प्रमाण यांचंच कमी. आता थांबा, दत्तकाचा विचार करा."

ह्यांनी विचारलं, "म्हंजे खोट माझ्यातच, न्हाई का बाई?"

"तसंच म्हणावं लागेल."

चिठ्ठी माझ्या मांडीवरच्या पिशवीत होती. हात आत गेला, कागद बोटाला लागला. मी सातवी शिकलेली. गावातल्या बाया मला पत्रं वाचायला बोलवायच्या, आणि मी त्यांच्यात तोरा मिरवायची. आता ही बाई सगळ्यांसमोर म्हणणार, एवढंही कळत नाही तुला? घरी कळलं तर आत्याबाई जीव देतील, असं मी मनाला सांगितलं. ते निम्मंच खरं होतं. मला लाज वाटली, हे पूर्ण खरं. ज्या तोंडानं मी अख्ख्या गावाशी भांडले, ते तिथं उघडलं नाही. हात रिकामाच बाहेर काढला.

स्टेशनावरच्या बाकड्यावर हे म्हणाले, "मला माफ कर. तुझं काय बी चुकलेलं न्हाई." मी ढसाढसा रडले. त्यांना वाटलं लेकरासाठी रडायलीय. घरी येऊन चिठ्ठी चुलीत घातली. सुयांना त्यानंतर एकदाच गेले. "बोली क्या उनको?" डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी वही मिटली.

दोन वर्षांनी आत्याबाई गेल्या. त्या वर्षी दसऱ्याच्या आधी हे स्वतः चुना घेऊन भिंती रंगवायला लागले. चुलीमागं आले आणि थांबले. धुरानं काळ्या झालेल्या भिंतीवर रेघांचे सहा झुपके तसेच होते. शेवटचा आठ रेघांचा.

"आईनं किती आशेनं मोजलंय गं," ते म्हणाले. "माझ्यापायी सगळ्या रेघा वाया गेल्या."

आता तरी सांगायचं होतं. घरात आम्ही दोघंच होतो, दुखवायला आत्याबाईही राहिल्या नव्हत्या. मी चुन्याची बादली त्यांच्याजवळ सरकवली. त्यांनी कुंचा फिरवला. चुना वाळला तर रेघा पुन्हा खालून दिसायला लागल्या.

"अजून दिसायल्यात," मी म्हटलं. "आणखी एक हात मारा."

त्यांनी मारला. हे जाऊन आता चार वर्षं झाली. खोट आपल्यातच होती, हे धरूनच ते गेले.