मीटरवहिनीचा अंदाज

आमच्या वहिनीला अख्खा बाजार मीटरवहिनी म्हणतो. तिला ते मनापासून आवडतं. वर ‘कोण म्हणालं?’ असं विचारून ती ते नाव पुन्हा म्हणायला लावते.

घरात गिझर बसवायचा असो की कोपऱ्यावर केस कापायचं दुकान काढायचं असो, महिन्याला विजेचं बिल किती येईल हे आधी सांगणं हा तिचा व्यवसाय. पूर्वी ती विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर उभी असायची. गिऱ्हाईक हौसेने एसी घेऊन जायचं आणि पहिलं बिल आलं की तिच्याशीच भांडायला यायचं. दोन-चारदा तिने ऐकून घेतलं, मग तिचं डोकं फिरलं. ‘घ्यायच्या आधी विचारत जा ना!’ म्हणाली. लोक खरंच विचारू लागले.

यंत्राच्या पाठीवर किती वॅट लिहिलंय ते कुणीही वाचेल. दुकानाचा दर घरापेक्षा वेगळा, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. पण ते यंत्र दिवसातून किती तास चालणार, खरी मेख तिथे आहे. आणि तासांच्या बाबतीत माणसं स्वतःबद्दल धडधडीत खोटं बोलतात, तेही अगदी भाबडेपणाने. म्हणून वहिनीचा नियम असा की ज्याचे तास, त्याला विचारायचं नाही. नवऱ्याचे तास बायकोला विचारायचे, बायकोचे सासूला. ‘आणि सासूचे?’ मी एकदा विचारलं. ‘भावजी, ते न विचारताच सगळे सांगतात,’ ती म्हणाली.

एका शिंप्याने छातीठोकपणे सांगितलं होतं, संध्याकाळ झाली की माझं मशीन बंद. वहिनी सरळ शेजारच्या किराणावाल्याकडे गेली. तो म्हणाला, ‘त्याचं मशीन थांबतं तेव्हा मी एक झोप काढून उठलेला असतो.’ वहिनीने तेवढे तास धरले, शिंपी रुसला, आणि बिल आल्यावर मुकाट्याने येऊन तिच्यासमोर ठेवून गेला. अशा वेळी वहिनी एक भुवई वर करते, बस्स. ती भुवई पाहिली की माझीच कॉलर ताठ होते.

यंदा तिच्या मुलीने, म्हणजे माझ्या पुतणीने, लॉन्ड्री काढायचं ठरवलं. दुसऱ्याच्या लॉन्ड्रीत राबून साठवलेली सगळी पुंजी त्यात जाणार होती. गाळा पाहून झाला, धुलाईची मशीन आणि दोन ड्रायर ठरले, गाळ्याचं भाडं ठरलं. सोमवारी करारावर सही करायची होती. फक्त विजेचं कळायचं होतं. ते बिल हाताबाहेर गेलं तर पुंजीसकट दुकान बुडणार, हे पोरीला पक्कं माहीत होतं. अंदाज अर्थातच आईने करायचा होता.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्याच टेबलावर वहिनीने आकडा वाचून दाखवला.

‘बसतंय की!’ दादाने टेबलावर थाप मारली. मीही खूश झालो. पुतणीने मात्र कागदावर बोट ठेवलं.

‘आई, तास कुणाला विचारलेस?’

‘कुणाला म्हणजे? माझ्या मुलीचे तास मला माहीत नाहीत?’

पुतणी माझ्याकडे वळली. ‘काका, तू सांग. मी दुकान किती वाजता बंद करेन?’

माझी चांगलीच पंचाईत झाली. वहिनी माझ्याकडे रोखून बघत होती. पण नियम तिचाच होता. ‘तू?’ मी म्हणालो. ‘हातातलं काम टाकून तू कधी उठली आहेस का? दहा वाजतील.’

‘आणि आईने किती धरलेत?’

दादाने कागद पुढे ओढला. ‘सात,’ तो म्हणाला आणि हसू लागला. ‘अगं, लोक कामावरून सुटल्यावरच कपडे घेऊन येतील ना! सातला कसलं बंद करतेस?’

वहिनीचे कान लाल झाले. ‘सातला बंद केलं तर साडेसातला घरी पोचते,’ ती म्हणाली. ‘आपण आठला जेवायला बसतो.’

दादाचं हसू तिथेच थांबलं. बाजारात कुणाच्या थापांना भीक न घालणारी ही बाई, आणि तिला तिच्याच मायेने गंडवलं होतं.

पुतणीने आईच्या हातातलं पेन घेतलं. दहापर्यंतचे तास धरले तेव्हा आकडा असा फुगला की दादाने कपाळाला हात लावला. पोरगी मात्र डगमगली नाही. तिने एक ड्रायर खोडला. गाळ्यावरची गच्ची रिकामी होती. दिवसाचे कपडे तिथे दोरीवर वाळतील, संध्याकाळच्यांसाठी एक ड्रायर पुरेल.

‘आई, ढगाळ दिवस किती धरू?’

‘मला नको विचारूस,’ वहिनी म्हणाली. ‘शेजारच्या गच्चीवर जी बाई रोज कपडे वाळत घालते, तिला विचार.’

दोघी लगेच चपला घालून निघाल्या. परत आल्या तेव्हा आकडा बसला होता. सोमवारी सही झाली.

पहिलं बिल आलं ते पुतणीच्या अंदाजाला अगदी खेटून. वहिनीने ते हातात घेतलं, पण भुवई काही वर गेली नाही. डोळे पुसायलाच वेळ लागला. आता नवं गिऱ्हाईक आलं की ती आधी ऐकवते, ‘माझा आकडा आजवर एकाच माणसाने खोडलाय.’ मग ‘कोणी?’ असं विचारलं जाईपर्यंत पुढचं काम सुरू करत नाही.

आणि आम्ही जेवायला साडेदहाला बसतो. माझ्या पोटात कावळे ओरडत असतात, पण लेक घरी आल्याशिवाय वहिनी कुणाचंच पान वाढत नाही.