नागोजीचं ओलं फडकं

कंग्राळीच्या गल्लीतला बातम्यांचा फळा गेली तेहतीस वर्षं नागोजीच लिहीत आला. दिवसा कारखान्यात फिटर, संध्याकाळी गल्लीचा संपादक. नोकरी सुटली, पण खडू काही सुटला नाही. कुणाची म्हैस व्याली, उद्या नळाला पाणी कधी, आणि खाली दोन ओळी स्वतःच्या अकलेच्या. लोक पाण्यासाठी थांबत आणि त्या दोन ओळींसाठी घुटमळत. फळ्याचा कायदा एकच: नवीन लिहिण्याआधी कालचं ओल्या फडक्यानं पुसायचं. त्यामुळे फळ्यावरचं कुठलंच भांडण दुसरी संध्याकाळ बघत नसे. फडकं फिरलं की विषय मिटला, असं सगळेच धरून चालत.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या नातीनं, तेजस्वीनं, त्याला स्वतःची वेबसाइट काढून दिली. बड्या कंपन्यांच्या दारात लिहिण्यापेक्षा आपल्या अंगणात लिहावं, असं तिचं म्हणणं. नागोजीला ते एकदम पटलं. दुसऱ्याच्या भिंतीवर लिहिणं त्याला आधीपासूनच असभ्य वाटायचं. फळा आटोपला की तो एका बोटानं मोबाईलवर लिहायला बसे. आणि लिहिण्याआधी कालचं इमानेइतबारे डिलीट करी. त्या वेबसाइटवर कधीही एकाहून जास्त नोंद नव्हती.

हे कळल्यावर तेजस्वीनं कपाळावर हात मारला. म्हाताऱ्याला बटण कळत नाही, असा तिनं प्रेमळ समज करून घेतला. नागोजीआप्पाच्या एकाहत्तराव्या वाढदिवसाला तिनं वेबसाइटच्या कचरापेटीत साठलेल्या, पुसलेल्या सहाशे चौदा नोंदी तारीखवार परत लावल्या आणि गावच्या ग्रुपवर टाकल्या.

नागोजी आधी हरखला. दुपारपर्यंत वाचत वाचत गेल्या वर्षीच्या एका नोंदीपाशी येऊन अडकला. 'मष्णूच्या म्हशीला कुंपण कळत नाही. मष्णूलाही कळत नाही. म्हैस निदान दूध तरी देते.'

मष्णू त्याचा चाळीस वर्षांचा जोडीदार. म्हशीनं नागोजीचे रताळ्याचे वेल फस्त केले, त्या रागात लिहिलेलं ते. दुसऱ्या दिवशी पुसलं होतं आणि दोघं नेहमीच्या बाकावर चहाला बसले होते. आता मात्र ते संकेश्वरात मष्णूच्या व्याह्यानं वाचलं आणि फोन करून, दूध किती देतोस, म्हणून मष्णूलाच विचारलं. मष्णू बाकावर यायचा बंद झाला. नागोजीनं नोंद लगेच काढून टाकली, पण बाक काही भरला नाही. सवयीनं दोन चहा मागवायचे आणि दोन्ही आपणच प्यायचे, असं सहा दिवस चाललं. त्याला पित्त झालं, आणि मष्णूवाचून अजिबात करमेना.

सातव्या दिवशी तो मष्णूच्या गोठ्यात जाऊन उभा राहिला.

"पुसलं रं ते," नागोजी म्हणाला.

मष्णूनं म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला. "फळ्यावरचं पुसतोस तवा सगळी गल्ली बघत असती. मोबाईलातलं पुसलेलं कुणी बघितलं?"

तेहतीस वर्षांत नागोजीनं एकदाही माफी मागितली नव्हती. त्याच्या वतीनं फडकंच मागत आलं होतं.

त्या संध्याकाळी फळ्यावर पाण्याची बातमी आली नाही. 'मष्णूबद्दल मी वाईट लिहिलं होतं. राग रताळ्यांचा होता, काढला दोस्तावर. मष्णूला कुंपण कळतं, मलाच ते तोंडाला घालता आलं नाही.' खाली पहिल्यांदाच त्यानं स्वतःचं नाव घातलं. तेच वेबसाइटवरही चढवलं. दुसऱ्या दिवशी नळ पहाटेच येऊन गेला, गल्लीच्या घागरी रिकाम्या राहिल्या, आणि बायकांनी दोघा दोस्तांचा एकत्र उद्धार केला.

दुसऱ्या संध्याकाळी नागोजी फडकं पिळून फळ्यापुढे उभा राहिला, पण हात उठेना. काल मागितलेली माफी आज पुसायची कशी? मागं पाण्याच्या बातमीसाठी निम्मी गल्ली खोळंबली होती. तेवढ्यात गर्दीतून मष्णू पुढं आला. त्यानं नागोजीच्या हातातलं फडकं काढून घेतलं, बादलीत बुडवलं आणि फळा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत स्वच्छ पुसला.

"आता पानी कवा येतंय ते लिही," तो म्हणाला आणि बाकावर जाऊन बसला. मग तिथूनच त्यानं हाक मारली.

"वेबसाइटवरचं मातर पुसू नगंस. व्याह्यानं अजून वाचल्यालं न्हाय."