कर्णे रस्त्याकडे

त्या गिटारीला काका पहिल्या दिवसापासून खोटारडी म्हणायचे. पुण्यात शिकत असताना शिकवण्या घेऊन मी ती घेतली होती आणि एसटीत मांडीवर सांभाळत केजला आणली होती. काका म्हणजे माझे चुलते, आमच्या शिवभजनी मंडळाचे मुख्य गायक. त्यांनी किराणा दुकानाच्या गादीवर बसूनच एक तार छेडली आणि नाक मुरडलं.

"हे कावून आणलंस? ह्यात तर आवाजच न्हाई."

नुसत्या तारेला आवाज नव्हताच, कारण तिचं पोट जवळजवळ भरीव होतं. मी वायर स्पीकरला जोडली आणि दुकानभर मोठ्या लाकडी गिटारीचा भरदार नाद घुमला. बटण फिरवलं, तर बारा तारांची गिटार झाली. अजून फिरवलं, तर बँजो. साखर न्यायला आलेलं गिऱ्हाईक साखर विसरलं.

"मंग ह्यातलं खरं काय हाय?" काकांनी विचारलं.

मी समजावलं. तारा जिथं टेकतात त्या घोडीत प्रत्येक तारेखाली एक बारीक कान बसवलेला असतो. तो तारेची थरथर आतल्या चिपला कळवतो. हीच थरथर अमुक लाकडाच्या, अमुक मापाच्या पोटात घुमली असती तर कशी ऐकू आली असती, याचा हिशोब चिप करते आणि तसा नाद बाहेर पाठवते. तारांना हात न लावता पट्टीसुद्धा बदलता येते.

"म्हंजी नकलाकार," काका म्हणाले. "देवापुढं नक्कल न्हाई चालणार."

माझं डोकं फिरलं. "तुमची पेटी तरी काय कपिलधार तीर्थाच्या डोंगरात उगवली? तीही बाहेरूनच आली ना?"

एवढ्या तोंडाळपणावर काकांनी अट घातली. श्रावणी सोमवारच्या भजनात एकदा वाजवायची. बिघडलं तर पुन्हा साथीला बसायचं नाही. मी लहानपणापासून मंडळात टाळ धरून बसत आले होते, त्यामुळे पणाला काय लागलंय ते मला पुरतं कळलं. तरी हो म्हणाले.

सोमवारी सकाळी देऊळ भरलं. माझी वायर मंडपवाल्याच्या लाउडस्पीकरला जोडली. काकांचा गळा हवेप्रमाणे चढतो-उतरतो. त्या दिवशी त्यांनी एकदम काळी दोनची चढी पट्टी मागितली. पेटीवाल्यांनी नेहमीसारखी बोटं सरकवली, मी पट्टीचं बटण सरकवलं आणि सुरू केलं. दुसऱ्या ओळीलाच काकांनी हात वर केला.

"बंद कर. लई बेसूर हाय!"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. पण मी चुकले नव्हते. मग माझं लक्ष लाउडस्पीकरच्या कर्ण्यांकडे गेलं. आमच्याकडे मंडपवाला कर्णे बांधतो ते रस्त्याकडे तोंड करून. आवाज गावासाठी, आत बसलेल्यांना उघडा गळा पुरे. चढवलेली पट्टी त्या कर्ण्यांतून रस्त्यावर चालली होती. शेजारी बसलेल्या काकांना मात्र ऐकू येत होती नुसती तार, तिच्या जुन्याच पट्टीत. अशी गिटार घेणाऱ्याला मी आजही हेच सांगते, दुकानात ती आधी वायर न जोडता वाजवून बघा, आणि तुमच्या मैफलीत स्पीकर कुणाकडे तोंड करून असेल ते विचारा.

"काका, तुम्ही रस्त्यावर जाऊन ऐका," मी म्हणाले.

"मी? भजन सोडून?"

"हो. नाहीतर मी इथून उठणार नाही."

देवळात असं कुणी त्यांच्याशी बोललं नव्हतं. ते रागानंच उठले आणि अनवाणी रस्त्यावर गेले. मी पेटीवाल्यांना खूण केली आणि आम्ही दोघांनी तीच चाल वाजवली. जन्मभर त्या कर्ण्यांतून गायलेल्या माणसानं ते कर्णे बाहेरून कधी ऐकले नव्हते. चाल संपली तरी काका येईनात. आम्ही ती पुन्हा धरली, तेव्हा बाहेरून त्यांचा उघडा आवाज आला. ते रस्त्यात उभं राहून गात होते, माझ्या सुरात सूर मिळवून.

परत आल्यावर त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मंडपवाल्याला म्हणाले, "एक कर्णा आत फिरव बे." मग बैठक मारली, घसा खाकरला. पट्टी ते कायम पेटीवाल्यांना सांगत. त्या दिवशी मला सांगितली.

"आता काळी तीन घेतो. सरकव तुझं बटण."

मी सरकवलं.