मॅडमना फोन द्या

माझी बायको सुमन गेल्यानंतरही पाण्याच्या फिल्टरच्या सर्व्हिसचा करार तिच्याच नावाने आपोआप नव्याने सुरू झाला. मग कंपनीतून फोन यायचे. मी करार बंद करा म्हटलं, की उत्तर ठरलेलं असायचं, "मॅडमना फोन द्या ना. ज्यांच्या नावावर आहे त्यांनीच सांगायला हवं." ती गेल्याचं मी दर वेळी नव्या आवाजाला सांगत असे.

काल त्यांच्या सेवा केंद्रात गेलो, तर काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, राज्य सरकारने नियम थोडा बदललाय. आता घरच्यांनी एकदा मृत्यूचा दाखला दाखवला की झालं. पुन्हा फोन येणार नाही."

एवढ्याशा दुरुस्तीची बातमीही कुठे आली नसेल. पण नियमातलं ते वाक्य लिहिताना कुणाच्या तरी डोळ्यांपुढे माझ्यासारखं घर आलं असणार. कायद्याला इतक्या हलक्या आवाजात बोलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं.

दाखल्याची घडी घालताना मी म्हणालो, "तुमच्या फिल्टरचं पाणीसुद्धा ती माठात ओतायची. वाळ्याशिवाय पाण्याला चवच नाही म्हणायची."

"अय्या, माझी आईपण!" ती हसली.

सुमनविषयी परक्या माणसाशी मी पहिल्यांदाच आपणहून बोललो होतो.